आयर्विनला किती झालं?

पावसाळ्यात आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसतो. बाबा उशाशी चष्मा चाचपडत विचारतात, "आयर्विनला किती झालं?" मग घरात जो कोणी जागा असेल तो मोबाईलवर बघून सांगतो, "३२-३." म्हणजे ३२ फूट ३ इंच. बाबा "हं" म्हणतात आणि दात घासायला जातात. हेच ३७ म्हटलं असतं तर "हं" आलं नसतं, "कोयनेतनं किती सोडलंय, अलमट्टीतनं पुढं जातंय का" हे आलं असतं, आणि ३९ म्हटलं असतं तर आईने चहाचं आधण तसंच ठेवून पलंगाखालच्या ट्रंका ओढायला घेतल्या असत्या, कोणी काही न सांगता.

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल, १९२९ चा. कोयना हे आमच्या वरच्या अंगाचं धरण, अलमट्टी खालच्या अंगाचं, कर्नाटकातलं. पुराच्या दिवसांत अख्खी सांगली या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते बघून जगते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे झालं सरकारी. त्याच्या खाली प्रत्येकाचा आपापला एक आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर तिकडच्यांना चाळिशीच्या आसपासच बाडबिस्तरा बांधायला लागतो, तेव्हा मारुती चौकातले दुकानदार अजून निवांत शटर वर करून बसलेले असतात, आणि विश्रामबागवाले तर पूर बघायला गाड्या काढून येतात. आकडा सगळ्यांना एकच, पण तो ऐकल्यावर आपण काय करायचं हे ज्याचं त्याला पाठ.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे मी पोटापाण्यासाठी आकडेच बघते. डिजिटल मार्केटिंग करते. पुण्यात सहा वर्षं एका एजन्सीत होते, मग सांगलीला परत आले आणि आता घरातल्याच एका खोलीत बसून दाताचे डॉक्टर, क्लासवाले, साड्यांचं एक दुकान, आणि एक बेदाणावाले काका यांच्या जाहिराती चालवते. दिवसभर समोर डॅशबोर्ड उघडा असतो. रीच, इम्प्रेशन, सीटीआर, एंगेजमेंट, बाऊन्स, आणखी काय काय. एका पानावर चाळीसेक आकडे सहज, त्यातले निम्मे हिरव्या बाणासकट, निम्मे लाल. आणि बरीच वर्षं मला हे कळलंच नव्हतं की त्यातला एकही आकडा ऐकून आईसारखं ट्रंका ओढायला कोणी उठत नाही. मी पण नाही.

ते कळलं काकांमुळं. बाबा मार्केट यार्डात ज्या अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होते त्याच्या शेजारच्या गाळ्यातले हे काका. बेदाणा आणि हळद. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर कधीतरी काकांच्या पुतण्याच्या डोक्यात ऑनलाईनचं खूळ शिरलं, पाव किलो अर्धा किलोची पाकिटं, वेबसाईट, सगळं, आणि ओळखीची म्हणून काम माझ्याकडं आलं. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट मी एजन्सीच्या सवयीनं केला, १४ पानांची रंगीत पीडीएफ. काकांनी ती प्रिंट काढून आणायला लावली आणि हिशोबपट्टी तपासावी तशी ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले.

"एक लाख बारा हजार रीच. म्हणजे कोण गं?"

"ज्यांच्या स्क्रीनवर आपली जाहिरात गेली ते, काका."

"त्यांनी बघितली?"

"गेली."

"अगं गेली म्हणजे, आमच्या दारावरनं पण रोज हजार माणूस जातंय की." मग पुढच्या पानावर, "एंगेजमेंट ३.८ टक्के. चांगलं का वाईट?"

मी म्हटलं चांगलं. ते म्हणाले, "बरं. मग मी काय करू?"

मला खरंच उत्तर आलं नाही. मी काहीतरी ब्रँड अवेअरनेस वगैरे बोलले आणि काकांनी फार सभ्यपणे चहा मागवला.

आता विचार केला तर वाटतं, संख्याशास्त्र मी कॉलेजात शिकले, पेपरात ७८ मार्क होते, पण तिथं आकडा काढायला शिकवलं, आकड्याला "मग?" विचारायला नाही. आणि "मग?" विचारायच्या आधी अजून एक गोष्ट विचारायची असते ती म्हणजे "कितीपैकी?" हे बाबांना जन्मतः येतं असं मला वाटतं. पुतण्यानं एकदा एक व्हिडिओ टाकला, ४० हजार व्ह्यूज आले, घरात पेढे. बाबांनी विचारलं व्ह्यू म्हणजे किती वेळ बघितलं. फेसबुकवर तेव्हा व्हिडिओ ३ सेकंद चालला तरी एक व्ह्यू धरायचे, तसं मी सांगितलं, तर म्हणाले, "तीन सेकंदात तर माणूस शिंकतो."

यात फेसबुकची स्वतःचीच फजिती झालेली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी कबूल केलं की साधारण दोन वर्षं ते व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा आकडा चुकीचा दाखवत होते, फुगवून. कारण काय तर भागाकार. एकूण बघितलेला वेळ वर, आणि खाली फक्त तीच माणसं ज्यांनी ३ सेकंदांपेक्षा जास्त बघितलं. जे एका सेकंदात पुढं सरकले ते खालच्या आकड्यात धरलेच नाहीत. म्हणजे वर्गात नापास झालेल्यांना हजेरीतनं काढून टाकायचं आणि मग वर्गाची सरासरी काढायची. ६० ते ८० टक्के फुगलेला असावा असं तेव्हा छापून आलं होतं. जगभरातल्या कंपन्या त्या आकड्यावर पैसे लावत होत्या, आणि चूक होती चौथीतल्या गणिताची.

मला त्यातनं थोडं बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, कारण माझ्या चुका पण त्याच इयत्तेतल्या आहेत.

एका दिवाळीची सांगते. काकांच्या वेबसाईटवर त्या पंधरवड्यात ४० ऑर्डरी आल्या, एकूण ५९,५५० रुपये. भागिले ४०, सरासरी १,४८९. मी लगेच हुशारी केली, फ्री डिलिव्हरी १,५०० च्या वर ठेवली, कारण पुस्तकात असतं की सरासरीच्या जरा वर ठेवा, लोक एखादं पाकीट जास्त घेतात. एकानंही घेतलं नाही. उलट ऑर्डरी कमी झाल्या. मग मी नीट यादी उघडून बघितली तर ४० पैकी ३९ ऑर्डरी साडेचारशेच्या आगेमागे होत्या आणि एक होती ४२ हजारांची, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं कामगारांना दिवाळीला वाटायला घेतलेली. म्हणजे १,४८९ रुपयांची ऑर्डर करणारा माणूस त्या यादीत नव्हताच. सगळ्यांना ओळीत उभं केलं असतं तर मधला माणूस साडेचारशेचा होता, आणि मला त्याला सहाशेपर्यंत न्यायचं होतं, मी त्याला दीड हजाराचा डोंगर दाखवला. बाबांना सांगितलं तर त्यांना कळेचना की मी आधी यादी का नाही बघितली. "रोजमेळ वाचल्याशिवाय बेरीज कोण सांगतं?" त्यांच्या काळात बेरीज शेवटी यायची. आमच्याकडं डॅशबोर्ड उघडला की बेरीजच पहिल्यांदा येते, रोजमेळ कुठंतरी चार क्लिक आत.

आणि ढिगाचं तर काय बोलू. मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालतो तेव्हा घेणारा वरची हळद बघत नाही. हात कोपरापर्यंत आत घालतो, खालचं एक कांड काढतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग दुसऱ्या बाजूनं परत. बाबा म्हणायचे वरची हळद विकणाऱ्यानं लावलेली असते. आता इन्स्टावर पुतण्यानं पोल टाकला, काळा बेदाणा ठेवायचा का? ८२ टक्के हो. काकांनी वीस पेट्या काळा बेदाणा आणला. दोन महिन्यांत तीन पेट्या गेल्या. ८२ टक्के म्हणजे ६१ पैकी ५० जण, आणि ते ५० जण बहुतेक पुतण्याचे कॉलेजचे मित्र, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या पैशानं बेदाणा विकत घेतलेला नाही. सगळा वरचा थर. आणि तो थर विकणाऱ्यानंच लावलेला, घरच्याच पोरानं.

दोन फोटोंची टेस्ट पण आम्ही केलेली आहे, एका जाहिरातीत बेदाणा स्टीलच्या वाटीत, दुसरीत ओंजळीत. दोन्हीकडनं शंभर-शंभर जण वेबसाईटवर आले, वाटीवाल्यातनं ४ ऑर्डरी, ओंजळवाल्यातनं ६. मी रिपोर्टात लिहिलं, "ओंजळीच्या फोटोने विक्री ५० टक्के वाढली." लिहिलं खरं. गणितानं बघितलं तर शंभरात चार आणि शंभरात सहा यातला फरक म्हणजे काहीच नाही, एकच फोटो दोन वेळा लावला असता तरी असं सहज झालं असतं. समजा दोनाचे अडीच टक्के झाले, तर हे जरा खात्रीनं सांगायचं असेल तर दर फोटोमागं साधारण १४ हजार माणसं यायला लागतात. चौदा हजार! काकांच्या वेबसाईटवर आठवड्याला तीनशे येतात. एवढी माणसं गोळा होईपर्यंत पुतण्याचं लग्न होऊन बारसं पण उरकेल.

गंमत म्हणजे थोडक्या नमुन्यावरनं काय म्हणता येतं आणि काय नाही याचं गणित बसवलं ते बिअरच्या कारखान्यातल्या माणसानं. विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेसमध्ये कामाला. सातू, यीस्ट, असल्या गोष्टींचे नमुने मोजकेच मिळायचे, आणि त्यावरनं निर्णय तर घ्यायचा. कंपनी नाव लावून छापू देत नव्हती म्हणून १९०८ ला त्याने 'स्टुडंट' या टोपणनावानं पेपर छापला, आजही त्या टेस्टला स्टुडंटचीच म्हणतात. म्हणजे आमच्यासारख्या आठवड्याला तीनशेवाल्यांचा खरा गुरू तो. मोठमोठ्या वेबसाईटवाल्यांच्या गोष्टी ऐकून आम्ही बटणाचा रंग बदलत बसतो, त्यांच्याकडं तासाला लाख माणसं येतात हे विसरून.

पण आपल्याकडचं एक नाव मला फार उशिरा कळलं आणि त्याची जरा लाज वाटली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. फर्ग्युसनला शिकले, लंडनला डॉक्टरेट केली, पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले, १९७१ ला पद्मभूषण. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस आणि मला पुण्यातल्या एजन्सीत ब्लॉग वाचून वाचून अमेरिकेतल्या मार्केटिंगवाल्यांची नावं पाठ.

त्यांचं एक काम माझ्या रोजच्या धंद्याला इतकं लागू पडतं की मी ते काकांना दोनदा सांगितलंय. पिकाचा अंदाज कसा काढायचा, तर शेतात चिठ्ठी टाकल्यासारखी कुठलीतरी जागा निवडायची, तिथं चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, आणि असे बरेच चौकोन मिळून जिल्ह्याचा अंदाज. वाद होता चौकोन केवढा असावा यावर. बंगालमध्ये महालनोबिस, म्हणजे खुद्द भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे, लहान चौकोन वापरत होते, खर्च कमी, जास्त ठिकाणी आखता येतात. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की लहान चौकोन उत्पादन फुगवून सांगतो. का? तर काठावरची ताटं, म्हणजे पिकाची धाटं. आखलेल्या रेषेवरच उभं असलेलं ताट आत धरायचं का बाहेर, हे ठरवताना माणसाचा हात आत ओढतो. मुद्दाम नाही, तसंच होतं. आणि चौकोन जितका लहान तितका काठ जास्त, पोट कमी.

काकांना हे सांगताना त्यांचे डोळे चमकले, कारण त्यांची स्वतःची द्राक्षबाग आहे आणि बांधावरच्या झाडांवरनं त्यांचं शेजाऱ्याशी वीस वर्षं चाललंय.

तर बांधावरची ताटं. एका महिन्यात वेबसाईटवर ऑर्डरी आल्या २६. फेसबुकच्या डॅशबोर्डवर लिहिलेलं, आमच्या जाहिरातीमुळं २१. गुगलच्या डॅशबोर्डवर, आमच्यामुळं १७. एकवीस आणि सतरा अडतीस. २६ ऑर्डरींतनं ३८ निघाल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मी काहीतरी सेटिंग चुकवलंय. काही चुकलेलं नव्हतं. फेसबुकचा नेहमीचा नियम असा की जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत घेतलं तर ऑर्डर त्यांची, आणि क्लिक न करता नुसती जाहिरात समोरनं गेली आणि एका दिवसात घेतलं तरी त्यांची. आता समजा एखाद्या बाईंनी फेसबुकवर बेदाणा बघितला, संध्याकाळी गुगलवर काकांच्या दुकानाचं नाव टाकलं, वर जाहिरात आली त्यावर क्लिक केलं आणि अर्धा किलो घेतला. दोघांनीही ते ताट आपल्या चौकोनात ओढलं. आणि तिसरीच गोष्ट, त्या बाईंना मुळात काकांचं नाव त्यांच्या मिरजेच्या नणंदेनं सांगितलेलं असेल तर? नणंदेला डॅशबोर्ड नसतो.

नणंदेवरनं व्हॉट्सॲप आलंच. आमच्याकडं निम्मा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, कोणीतरी लिंक पुढं ढकलतं, आणि तिथनं आलेला माणूस वेबसाईटवर कोण कुठनं आलं ते मोजणाऱ्या गुगल अॅनालिटिक्सला बऱ्याचदा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, म्हणजे कुठनं आला माहीत नाही, आकाशातनं पडला. त्यावर उपाय म्हणजे लिंकच्या शेपटाला यूटीएमचा बिल्ला-नंबर लावायचा, म्हणजे माणूस कुठल्या लिंकवरनं आला ते कळतं. (यातला यू म्हणजे अर्चिन, गुगलनं २००५ ला विकत घेतलेली कंपनी, तिच्यातनंच अॅनालिटिक्स झालं. ती कंपनी विस्मरणात गेली, आद्याक्षर राहिलं.) मी लावते. पण खरा उपाय बाबांनी केला. रिटायर झाल्यापासून दुपारी काकांच्या गाळ्यात जाऊन बसतात, त्यांनी फोनवरच्या ऑर्डरींची वही घातली आणि त्यात एक रकाना पाडला, "कुठनं कळलं". महिनाभरानं मी उत्सुकतेनं वही उघडली. सगळ्यात जास्त उत्तर होतं, "मोबाईलमधनं". बाबांनी ते सुंदर अक्षरात त्रेचाळीस वेळा लिहिलं होतं.

आता जाहिरातीनं खरंच फरक पडतो का हे बघायचं असेल तर एकच सरळ मार्ग, बंद करून बघायची. सगळीकडं नाही, एका ठिकाणी. आम्ही तीन आठवडे कोल्हापूर जिल्ह्यात जाहिरात बंद ठेवली, साताऱ्यात चालू. कोल्हापूरच्या आधीच्या तीन आठवड्यांच्या ऑर्डरी, फोन-व्हॉट्सॲपवरच्या धरून, ३१, बंद असताना २७. काका म्हणाले, "म्हणजे उपेग हाय का न्हाय?" मी म्हटलं चारचा फरक एवढ्याशा आकड्यांत उगीचच पण पडतो, सांगता येत नाही. काका बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तीन आठवड्याचं पैसं मात्र वाचलं." ते बरोबर होतं. ते मी रिपोर्टात लिहिलं.

एकदा तर मी जवळजवळ चालू धंदा बंद करणार होते. जुलैत वेबसाईटवर २०० जण आले, ११ ऑर्डरी, साडेपाच टक्के. ऑगस्टमध्ये जाहिरात वाढवली, १,००० जण आले, ३० ऑर्डरी, तीन टक्के. लाल बाण खाली. पुतण्या म्हणाला जाहिरात बोगस आहे, बंद करू. मी पण मान डोलावली होती. मग रात्री झोप येईना म्हणून जुने गिऱ्हाईक वेगळे आणि नवे वेगळे करून बघितले. जुलैत जुने १००, त्यातले १० जणांनी घेतलं, नवे १००, त्यातल्या एकानं. ऑगस्टमध्ये जुने १००, घेतलं १२ जणांनी, नवे ९००, घेतलं १८ जणांनी. म्हणजे जुन्यांचं दहाचं बारा टक्के झालं, नव्यांचं एकाचं दोन टक्के झालं, दोन्हीकडं वाढ, आणि एकत्र केलं की घट. मी तीनदा कॅल्क्युलेटरवर केलं. कारण एवढंच की नवी माणसं नऊपट आली आणि नवा माणूस कमीच घेतो. ते ९०० जण आणायला किती पैसे गेले हा पुढचा प्रश्न, तो वेगळा मोजायचा, पण बाण लाल आहे म्हणून बंद करायचं हे चूकच होतं.

उलट प्रकार पण आहे आणि तो मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही. माणूस माझ्याकडं केव्हा येतो? धंदा सगळ्यात वाईट चालला असेल तेव्हा. पुढच्या महिन्यात तो थोडा सुधारतोच, मी काही केलं नाही तरी, कारण सगळ्यात वाईट महिन्यानंतर येणारा महिना सहसा त्याहून बरा असतो. आणि श्रेय मला मिळतं. माझी निम्मी इज्जत यावर उभी आहे.

बाबा सगळ्या आकड्यांत मुरलेले, पण त्यांची पण एक चूक झालीय, आणि ती आमच्या घराला महागात पडली. २००५ च्या पुरात आयर्विनला ५३ च्या वर पाणी गेलं होतं. आमच्या गावभागातल्या घरात ते देवळीच्या खालपर्यंत आलेलं, भिंतीवर तो पट्टा कित्येक वर्षं दिसायचा, रंग दिला तरी खालनं ओल फुटायची. बाबांनी त्या पट्ट्यावर पेन्सिलनं तारीख लिहिली होती. ऑगस्ट २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं सामान त्या पट्ट्याच्या वर हातभर नेऊन ठेवलं. कपाटाच्या वरचे खण, फळ्या. जिंदगीत याच्या वर आलेलं नाही, म्हणाले. खोटं नव्हतं ते. त्यांच्या जिंदगीत आलेलं नव्हतं. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं आणि खाली पट्टा, हातभर, फळ्या सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर बाबांच्या स्वतःच्या वह्या निघाल्या, पहिल्या नोकरीपासून ठेवलेल्या, घरखर्चाच्या, पावसाच्या सुद्धा, सगळ्यांचा लगदा. ते काही बोलले नाहीत. नवीन पट्टा उठला भिंतीवर. त्यावर त्यांनी तारीख नाही लिहिली.

२०२१ ला पाणी परत पन्नाशीच्या पुढं गेलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं बघितलंच नाही, आम्हाला ४२ लाच विश्रामबागेत मावशीकडं हलवलं. आधीच्या सगळ्यात मोठ्या आकड्याला छत समजायचं नसतं हे त्यांना कोणी पेपरात विचारलेलं नव्हतं. मी मात्र अजून गिऱ्हाइकांचे बजेट मागच्या दिवाळीच्या सगळ्यात चांगल्या आठवड्यावरनं काढते अधूनमधून, सवय जात नाही.

काकांच्या त्या "मग मी काय करू?" चं उत्तर मला शेवटी या पुलापाशीच मिळालं. १४ पानं बंद केली. गाळ्याच्या भिंतीवर पुतण्यानं एक उभी पट्टी रंगवली, पूरपट्टीसारखी, ० पासून २० पर्यंत. रोजच्या ऑर्डरी, वेबसाईट, फोन, व्हॉट्सॲप सगळ्या मिळून. रोजची सरासरी आठ येते. असल्या मोजणीच्या आकड्याला एक सोपा अंदाज आहे, त्याचं वर्गमूळ घ्यायचं, आठाचं होतं २.८, त्याच्या दुप्पट खाली आणि दुप्पट वर, म्हणजे साधारण तीन ते तेरा. यातलं काहीही आलं तर तो नुसता पाऊसपाणी, काही करायचं नाही. खाली तीनाला एक लाल रेघ आणि वर तेराला एक. सलग दोन दिवस खालच्या रेघेच्या खाली गेलं तर मला फोन. वरच्या रेघेच्या वर गेलं तर पाकिटं भरायला आणखी दोन बायका बोलवायच्या आणि कुरियरवाल्याला सांगायचं. दिवाळीत ही पट्टी चालत नाही, आणि कोणी मोठ्या ग्रुपवर लिंक टाकली तरी चालत नाही, कारण मग ऑर्डरी सुट्ट्या न येता झुंडीनं येतात. तेवढं पुतण्याला समजावलंय. काकांना समजवायला लागलं नाही, त्यांनी नुसतं विचारलं, "आणि मधी असंल तर फोन न्हाय करायचा?" मी म्हटलं नाही. "बरं झालं," म्हणाले, "रोज सकाळी तुला काय विचारायचं ह्याचं टेन्शन यायचं."

पण करतात. परवा सकाळी सात वाजता फोन, बाहेर मुसळधार, बाबा चष्मा शोधतायत.

"किती झालं गं?"

"३८-६."

"अरे बापरे, एवढ्या ऑर्डरी?"

"नाही काका, आयर्विनला."

"व्हय व्हय, तेच इचारतोय." थोडा वेळ गप्प. त्यांचं गोडाऊन हरिपूर रोडला आहे, त्यांचा आकडा ४१. "चढतंय का उतरतंय?"

"तासाला दोन-तीन इंच चढतंय."

"मग दुपारपातूर पोती वर घेतो. आणि ऑर्डरी?"

"काल सहा."

"परवा नऊ हुत्या की. कमी झाल्या?"

"नाही."

"नऊच्या सहा झाल्या आणि कमी न्हाय?"

"नाही काका, तेवढ्या होतात."

"मग मी काय करू?"

"काही नाही. पोती उचला."

"ती उचलतोच की," म्हणाले, आणि पलीकडं कोणालातरी हाक मारून फोन तसाच चालू ठेवून गेले.